घरी येणाऱ्या रुग्णसेवेचा दर्जा आणि सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयातून डिस्चार्ज देताना ‘घरी एखादी बाई ठेवा’ एवढेच सांगितले जाते आणि पुढचे सगळे कुटुंबावर येऊन पडते. नर्सिंग ब्युरोकडून आलेले माणूस चांगले काम करते की नाही, हे ओळखायचे कसे, याबद्दल आमच्याकडे सतत विचारणा होते. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायद्याची व नोंदणीची माहिती महाराष्ट्राला धरून आहे. शुश्रूषेविषयीची माहिती कोठेही लागू पडेल, मात्र ती रुग्णाच्या डॉक्टरांच्या सूचनेची जागा घेऊ शकत नाही.

१. ‘सिस्टर’, ‘मावशी’, ‘अटेंडंट’, ‘जीडीए’ अशी नावे ऐकतो. यांत नेमका फरक काय?

नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग यांपैकी एक अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती. जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, यांनी काही महिन्यांचे कौशल्य प्रशिक्षण घेतलेले असते; आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे, बीपी मोजणे ही कामे त्यांना शिकवलेली असतात. मावशी, मामा किंवा अटेंडंट या नावांमागे कोणतेही ठरावीक प्रशिक्षण नसते. काही मावशी पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाने फार कुशल झालेल्या असतात, तर काही गेल्या आठवड्यात प्रथमच या कामाला लागलेल्या असतात, आणि ब्युरोच्या बिलावर दोघींचा दर बहुधा सारखाच असतो. पांढरा अ‍ॅप्रन सगळ्यांनाच दिला जातो. त्यामुळे ‘सिस्टर पाठवतो’ या शब्दांवर न थांबता ‘नोंदणीकृत नर्स आहे का’ असा सरळ प्रश्न विचारावा.

२. आमच्या आईला नर्स लागेल की मावशी पुरेल?

आधी दोन याद्या कराव्यात. पहिली रोजच्या कामांची : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून खुर्चीत येणे, शौच-लघवीवरचा ताबा, आणि जेवणे. अमेरिकेतील वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मोजणीत याच सहा गोष्टी पाहिल्या जातात. यांतली कोणती कामे आई स्वतः करते आणि कोठे हात द्यावा लागतो, हे लिहिले की किती तासांचे माणूस हवे ते स्पष्ट होते. दुसरी यादी वैद्यकीय कामांची : शिरेतून औषध, इंजेक्शन, खोल जखमेचे ड्रेसिंग, नाकातील नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, श्वासनलिकेला पाडलेल्या छिद्राची निगा. दुसऱ्या यादीत काहीही असेल तर नर्स हवीच. मात्र ती चोवीस तास हवी असे नाही. दिवसभर मावशी आणि ठरलेल्या वेळी नर्सची फेरी ही व्यवस्था अनेक घरांत उत्तम चालते आणि खर्चही आवाक्यात राहतो.

३. नर्सची नोंदणी खरी आहे, हे कसे तपासायचे?

महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र मूळ स्वरूपात पाहावे, त्यावरचा क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत लिहून घ्यावी आणि छायाचित्र असलेल्या ओळखपत्राशी नाव जुळवावे. परराज्यातून आलेल्या नर्सची मूळ नोंदणी तिच्या राज्याच्या परिषदेकडे असू शकते. तेव्हा त्याविषयी ब्युरोकडून लेखी खुलासा घ्यावा. ब्युरोने ‘फाईल ऑफिसात आहे’ असे सांगितले, तर फाईल पाहिल्यावरच ड्युटी सुरू करावी.

४. ब्युरोच्या पाटीवर ‘सरकारमान्य’ लिहिले आहे आणि शॉप अ‍ॅक्टची नोंदणीही आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीवरून व्यवसाय कोठे व कोणाच्या नावाने चालतो, एवढेच कळते. किराणा दुकानही याच कायद्याखाली येते. ब्युरोची माणसे शुश्रूषा कशी करतात, त्यांना कोणी शिकवले, त्यांच्यावर देखरेख कोण करते, यांतील काहीही तीत तपासलेले नसते. त्यामुळे ही तपासणी कुटुंबालाच करावी लागते. पहिल्याच फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात : येणाऱ्या व्यक्तीने याआधी अशाच आजाराचा रुग्ण सांभाळला आहे का, ती न आल्यास बदली माणूस किती तासांत मिळेल, ब्युरोची पर्यवेक्षक नर्स घरी येऊन काम पाहते का, बिलातील किती रक्कम प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती पडते. शेवटचा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटतो. तरीही तो विचारावा, कारण जिच्या पगारातून मोठे कमिशन कापले जाते, ती मावशी दुसरे काम मिळताच निघून जाते आणि दर पंधरा दिवसांनी नवे माणूस येणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे असते.

दर, कामाचे तास, डिपॉझिट परत मिळण्याची अट, सुट्टी आणि कामांची यादी हे सारे लेखी घ्यावे. तोंडी ठरलेले दुसऱ्या महिन्यात कोणालाच आठवत नाही.

५. पोलीस पडताळणी कोणी करायची?

ब्युरोने केली असल्यास तिची प्रत मागावी आणि तारीख पाहावी. नसल्यास आपल्या भागातील पोलीस ठाण्यात घरी काम करणाऱ्या व्यक्तीची माहिती, छायाचित्र व ओळखपत्राची प्रत द्यावी. बदली म्हणून एका रात्रीपुरत्या येणाऱ्या व्यक्तीचेही ओळखपत्र दारातच पाहावे. गडबड बहुधा अशाच रात्री होते. पडताळणीतून पोलिसांकडे नोंदलेला गुन्हा तेवढा कळतो. हात हळुवार आहे की नाही, ते पहिल्या आठवड्यातच दिसते.

६. पहिल्या आठवड्यात नेमके काय पाहावे?

रुग्णाला हात लावण्यापूर्वी ती व्यक्ती साबणाने हात धुते का आणि ‘आजी, आता कूस बदलूया’ असे सांगून मगच हलवते का, या दोन गोष्टी सर्वांत आधी पाहाव्यात. न सांगता अंगावरची चादर ओढणारे माणूस पुढे इतर बाबतींतही घाई करते, असा आमचा अनुभव आहे. स्पंजिंग करताना दार किंवा पडदा लावला जातो का, डायपर बदलताना स्त्री-रुग्णाला पुढून मागे पुसले जाते का, भरवताना रुग्णाला ताठ बसवून एक घास गिळल्यावरच दुसरा दिला जातो का, पाण्याचा पेला हाताला येईल अशा जागी आहे का, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र लावलेले आहे का, हे पाहावे.

याच आठवड्यात एक-दोनदा वेळ न कळवता घरी यावे. हेतू चोर पकडण्याचा नसावा. नेहमीची दुपार कशी जाते ते आपल्याला समजावे, एवढ्यासाठीच हे करायचे. त्याचबरोबर कुटुंबानेही आपली बाजू नीट करावी. हातमोजे, साबण, पुरेशा चादरी आणि डॉक्टरांच्या सूचनांचा मराठीत लिहिलेला कागद हाताशी दिला नाही, तर चांगली मावशीही चांगले काम करू शकत नाही.

७. नोंदवही ठेवायला सांगितली आहे. तिच्यात काय असावे?

वेळ, काय खाल्ले-प्यायले आणि किती, लघवी व शौच, कोणत्या वेळी कूस बदलली, कोणती औषधे दिली, ताप, बीपी व शुगर, आणि नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले असल्यास ते. वही ड्युटी बदलताना दोघींनी मिळून वाचावी.

माझ्या वडिलांच्या आजारपणात वहीत रोज ‘जेवण चांगले’ असे लिहिलेले असे आणि आम्ही निश्चिंत होतो. एके दिवशी सदऱ्याची बाही सैल दिसली म्हणून वजन केले, तेव्हा कळले की ते झपाट्याने खंगत होते; मागाहून पाहिले तर तीन-तीन दिवसांच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच पेनने लिहिलेल्या होत्या. ब्युरोने माणूस बदलून दिले, पण गेलेले वजन परत आले नाही. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की ‘चांगले’ हा शब्द वहीत लिहू देऊ नये. ‘एक पोळी, अर्धी वाटी वरण’ असे लिहायला सांगावे, आणि रुग्ण उभा राहू शकत असेल तर महिन्यातून दोनदा वजन करावे. मावशींना लिहिता येत नसेल, तर चित्रांचा तक्ता करून खुणा करायला सांगाव्यात किंवा संध्याकाळी त्यांच्याकडून ऐकून आपण लिहावे.

८. आजोबांच्या कमरेखाली त्वचा लाल झाली आहे. मावशी म्हणतात, पावडर लावून चोळले की जाईल. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि यात उशीर करू नये. लाल भागावर बोट दाबून उचलल्यावर तो क्षणभर फिका पडत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे सतत एका जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी गाठली गेली आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतही नाही. तेथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद, गरम, टणक किंवा दुखरा भाग शोधावा लागतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी.

अशा भागावर स्पिरिट, पावडर किंवा तेल लावून चोळल्याने आतली नाजूक झालेली त्वचा अधिक फाटते. कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी आणि रात्रीचे अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन थोडे कलते झोपवावे. टाचा पलंगाला टेकू नयेत म्हणून उशी पोटऱ्यांखाली द्यावी. मधे भोक असलेली गोल उशी वापरू नये, कारण तिच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा अडतो. रुग्णाला वर सरकवताना ओढत नेऊ नये. दोघांनी चादरीसकट उचलावे. एअर बेड आणला की कूस बदलण्याची गरज उरत नाही, हा समज फार घरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे.

सेवा घेणे सुरू झाल्यानंतर नवा बेडसोर झाला, तर ब्युरोकडून लेखी स्पष्टीकरण मागणे योग्यच आहे. मात्र काही अतिशय आजारी रुग्णांना उत्तम निगा राखूनही जखम होते. म्हणून दोष ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचे मत घ्यावे आणि नोंदवही समोर ठेवावी.

९. नाकातल्या नळीतून जेवण देणे आणि कॅथेटर सांभाळणे मावशींवर सोपवता येते का?

नळी घालणे किंवा बदलणे हे काम नर्सचे वा डॉक्टरांचेच. बसवलेल्या नळीतून अन्न देणे नर्सने प्रत्यक्ष दाखवून आणि समोर करून घेतल्यानंतर मावशींवर सोपवता येते. भरवताना व त्यानंतर किमान अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी. प्रत्येक वेळी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते पाहावे. खूण सरकली असेल, खोकला किंवा धाप लागली असेल, तर काहीही देऊ नये. निसटलेली नळी आत ढकलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तोंडाने काही द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर भेटायला आलेल्या नातेवाइकांनी मायेने दिलेला चमचाभर चहा किंवा तीर्थही फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी पाहुण्यांना थांबवायचा अधिकार मावशींना स्पष्ट शब्दांत, सर्वांसमोर द्यावा.

कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी. पिशवीत बराच वेळ लघवी न उतरणे, रक्त दिसणे, थंडी वाजून ताप येणे ही लगेच फोन करण्याची कारणे आहेत.

१०. औषधांच्या चुका कशा टाळाव्यात?

आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत घरातल्याच एका जबाबदार व्यक्तीने भराव्यात आणि मूळ वेष्टने टाकू नयेत. नळीतून देण्यासाठी गोळ्या कुटायच्या असतील, तर आधी औषधविक्रेत्याला विचारावे; नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेल्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास दिवसभराचे औषध एकदम शरीरात उतरते.

इन्सुलिनविषयी अधिक जपावे. आपल्याकडे ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांच्या बाटल्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात : ४०साठी लाल टोपणाची, १००साठी नारिंगी टोपणाची. १०० युनिटची बाटली आणि ४०ची सिरिंज अशी अदलाबदल झाली, तर डोस अडीच पट होतो. बदली माणसाच्या हाती इन्सुलिन देण्याआधी ही जोडी स्वतः तपासावी. शुगर ७०च्या खाली गेली आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करावा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकाव्यात, म्हणजे त्या मावशींच्या किंवा कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसणार नाहीत.

११. घरी ऑक्सिजन सुरू आहे. वेगळी कोणती खबरदारी घ्यावी?

त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल किंवा विडी यांपैकी काहीही पेटवू नये. देवघर त्याच खोलीत असेल, तर ते काही काळ दुसरीकडे हलवावे. आजी-आजोबांना हे जड जाते, म्हणून त्यांना कारण समजावून सांगावे आणि पूजेच्या वेळी विजेचा दिवा लावावा. सुकलेल्या ओठांना व्हॅसलीनसारखे तेलकट मलम लावू नये, पाण्याचा आधार असलेले मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. सिलिंडर उभा आणि बांधलेला असावा.

१२. चोवीस तासांसाठी एकच मावशी ठेवणे सुरक्षित आहे का?

रुग्ण रात्री शांत झोपत असेल आणि मावशींना सलग झोप, तीन वेळचे जेवण, स्वतःची जागा आणि आठवड्याची सुट्टी मिळत असेल, तर चालते. रात्री दर दोन तासांनी उठावे लागत असेल, तर एकाच व्यक्तीवर हे सोपवणे दोघांनाही घातक आहे. झोप न झालेल्या माणसाच्या हातून रुग्ण निसटतो, औषध चुकते आणि आवाज चढतो. अशा वेळी बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या कराव्यात, किंवा रात्रीची एक फेरी घरातल्या माणसाने उचलावी.

मावशींची सुरक्षितताही याच प्रश्नाचा भाग आहे. ऐंशी किलोच्या रुग्णाला एकटीने उचलायला लावणे, शिळे अन्न देणे, वेगळा कप ठेवणे, घरातल्या कोणी पुरुषाने किंवा खुद्द रुग्णाने अंगाशी लगट करणे या तक्रारी आमच्यापर्यंत येतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ज्या घरात मावशी सुरक्षित नाहीत, त्या घरात रुग्णही फार काळ सुरक्षित राहत नाही.

१३. खोलीत कॅमेरा लावावा का?

लावायचा असेल तर सांगून लावावा, रुग्णाला समज असल्यास त्याची संमती घ्यावी, आणि न्हाणीघर किंवा मावशी कपडे बदलतात, झोपतात ती जागा कधीही टिपू नये. स्त्रीचे अशा खासगी क्षणी चित्रण करणे हा गुन्हा आहे. कॅमेऱ्यात मारहाण दिसते, पण अंथरुणाखाली वाढणारा बेडसोर दिसत नाही. म्हणून तो प्रश्न ६ व ८ मधील पाहणीला पर्याय ठरत नाही.

१४. वडिलांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. ‘ही बाई मारते, पैसे चोरते’ असे ते रोज म्हणतात. विश्वास ठेवावा का?

या आजारात वस्तू कोठे ठेवली ते विसरून चोरीचा आळ घेणे नेहमीचे असते. पण ‘ते काय, काहीही बोलतात’ म्हणून सोडून देणेही चूक आहे, कारण ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर हात उगारणे सोपे असते. आधी अंग पाहावे : दंडाच्या आतल्या बाजूस बोटांच्या आकाराचे वळ, मनगटावर बांधल्याच्या खुणा, कारण न सांगता येणारी जखम. मग वागणे पाहावे : ठरावीक व्यक्ती जवळ येताच ते अंग आखडतात का, गप्प होतात का. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसाने, सूचक प्रश्न न विचारता तीच गोष्ट विचारावी. खुणा असतील तर त्याच दिवशी छायाचित्रे काढून डॉक्टरांना दाखवावे आणि ती ड्युटी थांबवावी. खुणा नसतील, तर आरोप न करता काही दिवस माणूस बदलून पाहावे. तक्रार नव्या व्यक्तीबद्दलही तशीच राहिली तर ती बहुधा आजारातून आलेली असते.

१५. आई रात्री नळी ओढते, म्हणून मावशी तिचे हात पलंगाला बांधतात. दुसरा उपाय काय?

डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय कोणाचेही हात बांधू नयेत, आणि ब्युरोच्या माणसाने हा निर्णय स्वतःहून घेतला असेल तर ती गंभीर बाब समजावी. अचानक वाढलेल्या अस्वस्थतेमागे दुखणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा पाणी कमी पडणे हे कारण अनेकदा सापडते. डॉक्टरांना ‘ती ऐकत नाही’ असे न सांगता ‘परवापासून हे सुरू झाले’ असे सांगावे. झोपेची जादा गोळी देऊन शांत करणे हेही बांधण्यासारखेच आहे.

१६. आम्ही परदेशात आहोत आणि आई-बाबा पुण्यात. दर्जावर लक्ष कसे ठेवावे?

रोज ठरल्या वेळी फोन करून ‘सगळे ठीक ना?’ विचारले तर ‘ठीक’ हेच उत्तर येते. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून आई-बाबाही तेच सांगतात. त्याऐवजी नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र रोज मागवावे, व्हिडिओ कॉल कधी जेवणाच्या तर कधी दुपारच्या वेळी करावा, आणि शेजारची किंवा नात्यातली एक व्यक्ती आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन येईल अशी व्यवस्था करावी. तिला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, हे ब्युरोला लेखी कळवावे. बँकेचे व्यवहार, कार्ड आणि ओटीपी मात्र काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या हाती देऊ नयेत, ती कितीही विश्वासू असली तरी.

१७. ब्युरो सोडून त्याच मावशींना थेट कामावर ठेवले तर काय फरक पडतो?

मावशींना जास्त पैसे मिळतात आणि तुमचा खर्च कमी होतो. ब्युरोच्या करारात यावर मुदतीची बंदी आहे का, ते मात्र आधी वाचावे. कायद्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. ब्युरोकडून मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. वैयक्तिक नोकरीच्या कराराखालील सेवा मात्र या कायद्यातील ‘सेवा’च्या व्याख्येतून वगळली आहे. थेट ठेवलेल्या मावशींबाबत ग्राहक आयोगाचा रस्ता त्यामुळे बंद होतो. बदली माणूस, पडताळणी आणि सुट्टीची सोयही तुम्हालाच पाहावी लागते.

१८. तक्रार कोठे करावी?

मारहाण, चोरी किंवा जिवाला धोका असल्यास ११२. नोंदणीकृत नर्सच्या व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र परिचर्या परिषद. सेवेतील त्रुटी, परत न केलेले डिपॉझिट यांसाठी आधी ब्युरोला लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. नोंदवही, बिले, संदेश आणि तारीख असलेली छायाचित्रे हाच पुरावा असतो, म्हणून रोख पैसे दिल्यासही पावती घ्यावी.

१९. मी स्वतः हे काम करते. ज्या घरी जाते, तिथे आजींना घरचेच लोक पोटभर देत नाहीत आणि खोलीला बाहेरून कडी लावतात. माझे काम जाईल या भीतीने गप्प आहे. मी काय करू?

हा प्रश्न तुम्ही विचारलात, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन निःशुल्क आहे आणि तेथे शेजारी किंवा काम करणारी व्यक्तीही माहिती देऊ शकते. सुरुवातीलाच आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करावी. धोका तातडीचा असेल, तर वेळ न पाहता ११२ला फोन करावा. व्यक्ती साठीच्या आतली पण दिव्यांग असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ नुसार छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे सामान्यतः तहसीलदारांना, देऊ शकते. तोवर आजींनी काय खाल्ले आणि कडी किती वेळ लागली, हे तारीखवार आपल्या वेगळ्या वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही त्या घरात न ठेवता सोबत न्यावी.